चेकआउट स्कॅनर: लाल आणि अवरक्त प्रकाश, एकच सेन्सर. प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काउंटरच्या आडव्या खिडकीखाली बसेल असं एक युनिट बनवायचं आहे: एक कॅमेरा, दोन प्रकारचे एलईडी. एक संच लाल, दुसरा ८५० नॅनोमीटरचा अवरक्त (पुढे सगळीकडे आयआर). मूळ मागणी सरळ आहे. लाल दिव्याची लुकलुक दिवसभर डोळ्यांसमोर नको, म्हणून बारकोड आयआरमध्येच वाचता येतो का ते पाहायचं. त्याच चित्रातून वस्तूचा आकारही सुटा काढता आला तर दुहेरी फायदा.

सेन्सर ओव्ही९२८१: कृष्णधवल, १२८० × ८०० पिक्सेल, पिक्सेल ३ मायक्रॉनचा, ग्लोबल शटर (सगळे पिक्सेल एकाच वेळी उघडतात). रोलिंग शटरचा विचार केला नाही. दिवा क्षणभरच लागणार. ओळीमागून ओळ उघडणाऱ्या सेन्सरवर एक पट्टा उजळ आणि बाकी अंधार, असं चित्र येतं.

लेन्सचं गणित. ईएएन-१३ बारकोडच्या सर्वांत बारीक घटकाची, म्हणजे मोड्यूलची, प्रमाणित रुंदी ०.३३० मिमी. छपाईत ती ८० टक्क्यांपर्यंत उतरवायला परवानगी आहे, म्हणजे ०.२६४ मिमी. कोडचे ९५ मोड्यूल, डावीकडची मोकळी जागा ११ आणि उजवीकडची ७ धरून ११३. लहानात लहान कोड साधारण ३० मिमी रुंद. दृश्यक्षेत्र १५० मिमी घेतलं तर एका पिक्सेलला ०.११७ मिमी, म्हणजे मोड्यूलला सव्वादोन पिक्सेल. दोनच्या खाली गेलं की डीकोडर (चित्रातून कोड वाचणारा प्रोग्रॅम) रडायला लागतो, म्हणून क्षेत्र याहून मोठं करायचं नाही. ६ मिमी नाभीय अंतराची एम१२ (१२ मिमी आट्याची) लेन्स घेतल्यास अंतर साधारण २४० मिमी येतं. एफ/६ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तर छिद्र लहान) वर, दीड पिक्सेलचा धूसरपणा चालवून घेतला तर, मागेपुढे ४२ मिमीपर्यंत फोकस टिकतो.

एफ/८ ने ही खोली ५६ मिमी होईल, पण प्रकाश जवळपास निम्म्यावर येईल. एफ/६ वरच थांबलो.

९ जानेवारी

पल्स, म्हणजे दिव्याचा एक झटका, किती लांब ठेवायचा हे वस्तूच्या वेगावरून ठरतं. सेकंदाला १ मीटर धरला (हाताने सरकवताना सहसा याच्या निम्मा असतो) तर १०० मायक्रोसेकंदांत वस्तू ०.१ मिमी सरकते, पिक्सेलपेक्षा कमी. २०० मायक्रोसेकंद केले की हीच सरक लहान कोडच्या पाऊण मोड्यूलइतकी होते आणि पट्ट्या एकमेकींत मिसळतात. म्हणून एक्स्पोजर १०० मायक्रोसेकंद, आणि यात तडजोड नाही. उजेड कमी पडला तर गेन, म्हणजे सिग्नलचं विवर्धन, वाढवायचा, वेळ नाही. चित्रातला दाणेदारपणा डीकोडर पचवतो, सरकलेली पट्टी पचवत नाही.

दिव्यांची जोडणी: प्रत्येक रंगाच्या दोन माळा, माळेत तीन एलईडी, प्रत्येक माळेला १ अँपिअर. दोन्ही माळा मिळून २ अँपिअर गुणिले १०० मायक्रोसेकंद म्हणजे पल्समागे २०० मायक्रोकूलॉम. १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असला तर व्होल्टेज फक्त ०.२ ने पडतं. गंमत अशी की सेकंदाला शंभर पल्स दिले तरी सरासरी विद्युतधारा २० मिलिअँपिअरच. म्हणजे जाड सप्लाय लागत नाही. कॅपॅसिटर मात्र एलईडीच्या शेजारीच हवा.

१२ जानेवारी

पहिला पल्स दिला आणि कॅमेरा बोर्ड रिसेट. कॅपॅसिटर मुख्य बोर्डवर होता आणि तिथून ३० सेंटीमीटर सुट्या तारांनी एलईडीकडे. २ अँपिअरची उडी आणि परतीची तार कॅमेऱ्याच्या ग्राउंडमधून (सर्किटचा शून्य व्होल्टचा संदर्भ). पल्स सुरू होताना आणि संपताना ग्राउंडच हलत होतं, सेन्सरची आय-टू-सी लाइन (त्याला आज्ञा देणारी) अडकत होती.

कॅपॅसिटर आणि मॉस्फेट (एलईडी चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) एलईडीच्या पाटीवर हलवले, सप्लायच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन आणल्या, एलईडीचं ग्राउंड थेट सप्लायच्या टोकाला नेलं. रिसेट गेला.

१३ जानेवारी

सुरक्षेचं आधीच उरकलेलं बरं. आयआर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून डोळा मिटतही नाही, बाहुलीही आकुंचन पावत नाही. लाल दिवा चुकून चालू राहिला तर माणूस तोंड फिरवतो. आयआर चालू राहिला तर कुणाला पत्ताच लागत नाही. आयईसी ६२४७१ (दिव्यांच्या प्रकाशापासून सुरक्षेचं मानक) प्रमाणे तपासायचं तर सर्वांत वाईट बिघाड धरूनच, आणि इथला सर्वांत वाईट बिघाड म्हणजे फर्मवेअर अडकलं आणि मॉस्फेटचं गेट चालूच राहिलं.

दोन कुलुपं लावली. पहिलं: सेन्सरचा स्ट्रोब सिग्नल (दिवा कधी लावायचा ते सांगणारा) थेट मॉस्फेटला न देता मोनोस्टेबलमधून, म्हणजे ठरावीक लांबीचा एकच पल्स देणाऱ्या सर्किटमधून. आधी ७४एचसी१२३ लावला होता, तो काढला. तो पल्स चालू असतानाच पुन्हा ट्रिगर होतो, त्यामुळे थरथरणारा सिग्नल आला की पल्स लांबतच जातो. ७४एचसी२२१ तसं करत नाही. ३६ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड: ०.७ गुणिले आरसी, म्हणजे साधारण २५० मायक्रोसेकंदांची कमाल मर्यादा. दुसरं: सप्लाय आणि कॅपॅसिटर यांच्यामध्ये ४७ ओहमचा रोधक. नेहमीच्या वापरात त्यावर एक व्होल्टही पडत नाही. गेट कायमचं चालू राहिलंच तर १२ व्होल्टमधून जेमतेम ०.१४ अँपिअर जातो, दोन माळांत वाटून. रोधक २ वॅटचा घ्यायचा; बिघाडात त्यावर एक वॅटच्या आसपास उष्णता निघते आणि अर्ध्या वॅटचा जळेल.

१६ जानेवारी

फिल्टरचा घोळ. कॅमेरा मोड्यूलसोबत आयआर-कट फिल्टर आला होता. त्याने ८५० अडवला असता म्हणून दुहेरी पट्ट्याचा फिल्टर मागवला: दृश्य प्रकाश आणि ८५०, बाकी बंद. लावला तर लाल फ्रेम काळीकुट्ट, कोपरे त्याहून काळे.

कारण डेटाशीटमध्येच होतं. फिल्टरचा दृश्य पट्टा ६५० नॅनोमीटरवर संपतो आणि आपला लाल एलईडी ६६० चा. ६६० निवडण्यामागे कारण आहे: बारकोडच्या छपाईचा दर्जा मोजणारं आयएसओ १५४१६ हे मानक ६६० च्या आसपासच मोजतं. छापणाऱ्याने ज्या प्रकाशात कोड पास करून घेतला तोच प्रकाश आपण द्यावा, हे उत्तम. पण बाजारातले बहुतेक फिल्टर फोटोसाठी केलेले. त्यांना ६५० च्या पुढचा लाल नकोच असतो.

कोपऱ्यांचं कारण वेगळं. असे फिल्टर पातळ थरांच्या व्यतिकरणावर चालतात आणि किरण तिरपा आला की त्यांची सीमा निळ्याकडे सरकते. लेन्ससमोर लावलेल्या फिल्टरवर कोपऱ्यातला किरण सुमारे २० अंशांनी येतो. फिल्टरच्या थरांचा प्रभावी अपवर्तनांक १.८ धरला तर सरक जवळपास दोन टक्के. ६५० ची सीमा ६३८ वर, ८५० चा मध्य ८३४ वर. अरुंद पट्ट्याचा फिल्टर असता तर आयआर चित्राचेही कोपरे गेले असते.

फिल्टर काढूनच टाकला. एक्स्पोजर इतकं लहान आहे की छताचे दिवे या चित्रात जवळपास दिसतच नाहीत. मात्र काच काढली की फोकस सरकतो: ०.३ मिमी काचेमुळे प्रतिमा सुमारे ०.१ मिमी मागे गेलेली असते. एम१२ लेन्सचा आटा ०.५ मिमीचा, म्हणजे एक पंचमांश फेरा फिरवावा लागतो. तो नाही फिरवला तर दोष लेन्सला लागतो. त्याऐवजी त्याच जाडीची साधी काच बसवली, धूळही अडते.

१९ जानेवारी

आता मुख्य चाचणी. एकाच ईएएन-१३ क्रमांकाचे नमुने वेगवेगळ्या छपाईत: लेसर प्रिंटर, थर्मल ट्रान्सफर रिबन, डायरेक्ट थर्मल लेबल (वजनकाट्यातून निघतं ते), इंकजेटची रंगद्रावण शाई, आणि पॅकेटवरची ऑफसेट छपाई: एक काळ्या शाईची, एक गडद निळ्या शाईची.

लाल फ्रेममध्ये सगळे नमुने स्वच्छ. लगेच पुढची आयआर फ्रेम: लेसर आणि रिबनवाले तसेच्या तसे काळे, डायरेक्ट थर्मल लेबल कोरं. पुसट नव्हे, कोरं. पट्ट्या नाहीत, खालचे आकडे नाहीत, वजन आणि तारीख नाही. नुसता पांढरा कागद, आणि प्रिंटरच्या डोक्याने दाबलेल्या जागी कडेला जेमतेम जाणवणारी सावली. इंकजेटचा नमुनाही गेला. निळा कोड गेला. ऑफसेटचा काळा टिकला.

फरक काजळीचा आहे. लेसर टोनर, रिबन आणि ऑफसेटची काळी शाई यांत कार्बन ब्लॅक असतो. तो अतिनीलपासून आयआरपर्यंत सगळंच शोषतो. थर्मल कागदावर काजळी नसते. तिथे रंगहीन ल्यूको रंगद्रव्य उष्णतेने विकसकाशी मिसळून काळं होतं. ते काळं फक्त आपल्या डोळ्यांपुरतं: दृश्य पट्टा शोषतं आणि ८५० च्या आसपास पारदर्शक होतं. निळा, किरमिजी, पिवळा या छपाईच्या शायाही तिथे पारदर्शकच. म्हणून काळ्या शाईचा थेंबही न घालता तीन रंग एकावर एक छापून केलेला काळा पण जातो.

याचा अर्थ मूळ कल्पना बाद. ज्या लेबलांचा काउंटरवर सर्वाधिक भरणा तीच आयआरमध्ये दिसत नाहीत. आयआर शोषणारे थर्मल कागद मिळतात, पण समोर येणारं लेबल कोणत्या कागदावर छापायचं हे स्कॅनर ठरवत नाही.

बारकोडचं लालाशी नातं जुनं आहे. २६ जून १९७४ ला ओहायोमधल्या ट्रॉय इथे च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं, यूपीसी या अमेरिकी बारकोडचा दुकानातला तो पहिला व्यवहार. ते स्कॅनर हेलियम-निऑन लेसरचे होते, ६३२.८ नॅनोमीटर. तेव्हापासून पॅकेट डिझाइन करणारे लाल पट्ट्या टाळतात आणि काळ्या-निळ्या-हिरव्या वापरतात, कारण लालात त्याच गडद दिसतात. स्कॅनरवाल्याने आता एकतर्फी रंग बदलला तर तो करार मोडतो.

२० जानेवारी

कालचं पक्कं करण्यासाठी प्रकाशिकीही तपासली. शाई टिकली तरी आयआरमध्ये धार बोथट होते. एफ/६ वर लहान कोडच्या पट्टीजोडीची वारंवारता सेन्सरवर सुमारे ७४ जोड्या प्रतिमिमी. नुसत्या विवर्तनामुळे ६६० नॅनोमीटरला ६३ टक्के कॉन्ट्रास्ट उरतो, ८५० ला ५३. त्यात फोकस सरकतो, कारण दृश्य प्रकाशासाठी केलेली लेन्स आयआरला थोडं मागे फोकस करते. समजा ही सरक ४० मायक्रॉन असेल तर एफ/६ वर तिचं वर्तुळ जवळपास ७ मायक्रॉन, दोन पिक्सेलांहून जास्त. आणि सिलिकॉनमध्ये ६६० चा प्रकाश सरासरी ४ मायक्रॉन खोलीवर शोषला जातो, ८५० चा १८ ते १९ मायक्रॉनवर. इतक्या खोलवर सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या पिक्सेलमध्येही जातात.

ठरलं: बारकोड फक्त लाल फ्रेममध्ये वाचायचा. फोकस लालावर लावून लेन्सला गोंदाचा थेंब. आयआरला दुसरं काम.

२३ जानेवारी

आयआरचं काम: वस्तू कुठे आहे, किती मोठी आहे, हात कुठे संपतो. इथे तोच दोष गुण ठरतो. रंगीबेरंगी छपाई आयआरमध्ये फिकी पडते, त्यामुळे वस्तूच्या आतली नक्षी अडथळा करत नाही आणि बाह्यरेषा सरळ निघते. फळं-भाज्यांना तर हे वरदानच. हरितद्रव्य ७०० नॅनोमीटरच्या पुढे शोषणं थांबवतं, म्हणून हिरवं आणि लाल सफरचंद आयआरमध्ये सारखंच पांढरं. मास्क, म्हणजे पार्श्वभूमीपासून सुटा केलेला वस्तूचा आकार, काढायला उत्तम, जात ओळखायला निरुपयोगी. जात ओळखायची तर रंगीत कॅमेरा वेगळा हवा आणि त्याच्यावर आयआर-कट फिल्टर ठेवायलाच हवा, कारण बायर फिल्टरचे (रंगीत सेन्सरवरची लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची जाळी) तिन्ही रंग ८५० ला जवळपास सारखेच उघडे असतात आणि सगळ्या रंगांवर राखाडी पाणी फिरतं.

पार्श्वभूमीला काळा रबरी पट्टा चांगला. त्यात काजळी असते, आयआरमध्येही काळाच.

युनिटच्या आतून काळं कापड लावलं होतं, दिव्यांची उलटी चमक लेन्समध्ये येऊ नये म्हणून. लाल फ्रेममध्ये चोख. आयआरमध्ये ते कापड पांढरंशुभ्र, आणि अख्ख्या चित्रावर दुधाळ झाक. कापडाचा काळा रंग म्हणजे रंगद्रव्य, काजळी नव्हे. कापड काढून कार्बनयुक्त काळा फोम लावला. खरेदीपूर्वी असला प्रत्येक ‘काळा’ माल आयआर कॅमेऱ्याखाली धरून पाहायचा, ही सवय आता यादीत घातली आहे. कोलासारखं काळं पेयही आयआरमध्ये पाण्यासारखं नितळ दिसतं. मास्क काढणाऱ्या कोडला ती बाटली रिकामीच वाटते.

२७ जानेवारी

फ्रेमचा क्रम: लाल, आयआर, लाल, आयआर, सेकंदाला १२०. लाल फक्त एकाआड एक फ्रेमला, म्हणजे ६० हर्ट्झ. थेट पाहिलं तर जाणवत नाही, नजरेच्या कडेला मात्र थरथर स्पष्ट. प्रकाशसंवेदी अपस्माराच्या दृष्टीने ३ ते ६० हर्ट्झचा पट्टा टाळायचाच असतो, त्यामुळे काठावर राहणंही नको.

उपाय सोपा वाटला: आयआर फ्रेमचं एक्स्पोजर संपलं की रीडआउट (सेन्सरमधून चित्र वाचून घेणं) चालू असताना लाल दिव्याचा एक नुसता पल्स द्यायचा, डोळ्यांसाठी. सेन्सर तेव्हा बंद, चित्राला काय फरक पडणार? पडला. आयआर चित्रात अर्ध्यावर एक आडवी पायरी: वरचा भाग ठीक, खालचा किंचित उजळ.

ग्लोबल शटरमध्ये एक्स्पोजर संपल्यावर प्रत्येक पिक्सेलचा भार शेजारच्या साठवण-बिंदूत थांबलेला असतो आणि ओळीओळीने वाचला जातो. तो बिंदू प्रकाशाला पूर्ण बंद नसतो. पल्स आला तेव्हा ज्या ओळी वाचून झाल्या होत्या त्या सुटल्या, ज्या रांगेत होत्या त्यांच्यात थोडा प्रकाश झिरपला. लालामुळे एवढं झालं. इथे आयआरचा पल्स असता तर खोल शिरणाऱ्या फोटॉनमुळे गळती आणखी वाढली असती.

फ्रेमचा वेग १०० वर आणला. रीडआउटला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात, फ्रेम १० ची, म्हणजे शेवटी १.७ मिलिसेकंद मोकळे. मागची फ्रेम वाचून झाली आहे आणि पिक्सेल रिसेटमध्ये आहेत, अशा वेळी लाल पल्स द्यायचा. लगेच मागून आयआरचं एक्स्पोजर. पायरी गेली. लाल आता १०० हर्ट्झ, कडेच्या नजरेलाही स्थिर. छताचे दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर असतील तर तेही १०० ने लुकलुकतात आणि आपल्याशी ताल जुळतो. ६० हर्ट्झच्या विजेवर २० हर्ट्झचा हेलकावा येतो, पण १०० मायक्रोसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तो दखल घेण्याइतका उरत नाही.

लाल फ्रेम सेकंदाला ५० उरल्या. १ मीटर वेगाने जाणारा ३० मिमीचा कोड १५० मिमीच्या क्षेत्रात १२० मिलिसेकंद पूर्ण दिसतो, म्हणजे सहा संधी. पुरेशा आहेत.

२ फेब्रुवारी

लाल आणि आयआर चित्रं एकमेकांवर बसवायची आहेत, पण दोन्हींत १० मिलिसेकंदांचं अंतर. अर्धा मीटर वेगाला ५ मिमी, जवळपास ४३ पिक्सेल. लाल फ्रेमच्या आधीची आणि नंतरची आयआर फ्रेम घेऊन दोन मास्कची मधली जागा काढायची. सरळ सरकणाऱ्या वस्तूला हे पुरतं. वस्तू हातात गरगर फिरवली की नाही पुरत. त्या वेळी मास्क न वापरता फक्त बारकोड घ्यायचा, बिल अडवायचं नाही.

५ फेब्रुवारी

चकाकी. चकचकीत वेष्टनावर एलईडीचं प्रतिबिंब बरोबर बारकोडवर येतं आणि चार-पाच पट्ट्या खाऊन टाकतं. एलईडीवर आडवी आणि लेन्सवर उभी पोलरायझर फिल्म लावली. लाल फ्रेम सुंदर, चकाकी नाहीशी. आयआर फ्रेममध्ये चकाकी जशीच्या तशी, जणू फिल्म लावलीच नाही.

खरंच नाही, असंच म्हणायचं. नेहमीची आयोडीनची फिल्म दृश्य प्रकाशापुरतीच काम करते. ८५० ला ती दोन्ही दिशांचा प्रकाश सोडते. दोन तुकडे एकमेकांवर काटकोनात धरून आयआर कॅमेऱ्याने पाहिले तर आरपार दिसतं, डोळ्यांना मात्र काळा चौकोन. तारांच्या जाळीचे पोलरायझर आयआरलाही चालतात, पण महाग पडतात. शिवाय लाल फ्रेममध्येही फिल्मने बहुतांश प्रकाश खाल्ला होता आणि गेन टोकाला गेला होता.

फिल्म काढली. दोन माळा आधीच आहेत, एक डाव्या कडेला आणि एक उजव्या. एका लाल फ्रेमला डावी, पुढच्या लाल फ्रेमला उजवी. चकाकीचा ठिपका जागा बदलतो आणि दोनांपैकी एका फ्रेममध्ये कोड मोकळा सापडतो. प्रकाश निम्मा झाला, गेन दुप्पट केला. मधला नुसता लाल पल्सही एकाच माळेचा ठेवावा लागला. नाहीतर एक पल्स उजळ, एक मंद, आणि ५० हर्ट्झची थरथर परत.

खिडकीच्या काचेचंही याच नोंदीत. साधी काच प्रत्येक पृष्ठभागावर ४ टक्के परावर्तित करते, दोन्ही मिळून ८. एलईडी आणि लेन्स यांच्यामध्ये फोमची भिंत थेट काचेला टेकवली. एक मिलिमीटर फट राहिली तरी चित्रात एलईडीची भुतं दिसतात.

१० फेब्रुवारी

मोबाइलच्या पडद्यावरचा कोड. लाल फ्रेममध्ये पडदा काळा: १०० मायक्रोसेकंदांत त्याचा स्वतःचा प्रकाश पोचतच नाही आणि आपला लाल काचेवरून दुसरीकडे निघून जातो. आयआरमध्ये ओएलईडी काही सोडत नाही, आणि एलसीडीची चित्रं ज्या पोलरायझरवर उभी असतात ती तिथे निकामी. कारण पाच तारखेचंच.

पडद्यासाठी वेगळी फ्रेम लागते: सगळे दिवे बंद, लांब एक्स्पोजर. ओएलईडी पडदे मंद करताना स्वतः लुकलुकतात. २४० हर्ट्झचा पडदा असेल तर ८.३ मिलिसेकंद म्हणजे बरोबर दोन आवर्तनं आणि पट्टे पडत नाहीत. ही फ्रेम कायम क्रमात ठेवली तर लाल संधी घटतात, म्हणून ती फक्त गरजेपुरती. आयआरमध्ये सपाट, एकसारखा, गोल कोपऱ्यांचा आयत स्थिर दिसतोय आणि सलग चार लाल फ्रेममध्ये काही वाचलं गेलं नाही, तरच. तेवढ्या वेळात हात थांबलेला असतो. पडदा कुणी सेकंदाला मीटरभर वेगाने सरकवत नाही. २०२७ अखेरपर्यंत काउंटरवर द्विमितीय कोडही वाचले जावेत असं बारकोडची मानकं ठरवणाऱ्या जीएस१ चं उद्दिष्ट आहे, तेव्हा हा रस्ता नीट बांधून ठेवलेला बरा.

१६ फेब्रुवारी

१९ जानेवारीचं निकामी ठरलेलं निरीक्षण परत हाती घेतलं. लालात दिसणारा आणि आयआरमध्ये नाहीसा होणारा कोड म्हणजे बहुधा डायरेक्ट थर्मल लेबल. मग दुसऱ्या पॅकेटवर चिकटवलेलं स्वस्त मालाचं लेबल ओळखता येईल का?

नियम असा लिहिला: कोडच्या जागेचा कॉन्ट्रास्ट दोन्ही फ्रेममध्ये मोजायचा, सर्वाधिक परावर्तन वजा सर्वांत कमी. लालात ४० टक्क्यांच्या वर (आयएसओ १५४१६ च्या श्रेणीत क किंवा वरचा) आणि आयआरमध्ये १० च्या खाली असेल तर ‘काजळी नाही’ अशी खूण. २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक अंतर्गत वापराचे, वजनाची लेबलं सहसा त्यांतलीच. तिथे ही खूण अपेक्षित, दुर्लक्ष करायचं. उत्पादकाच्या क्रमांकावर खूण आली तर ती नोंदवायची.

नोंदवायची, ओरडायचं नाही. निळ्या शाईत छापलेला अस्सल कोडही हीच खूण देतो. दुकानाने सुट्या मालावर उत्पादकाच्याच क्रमांकाचं थर्मल लेबल लावलेलं असू शकतं. उलट, लेसर प्रिंटरवर छापलेलं बनावट लेबल निवांत सुटतं. ही खूण मास्कवरून काढलेल्या आकारासोबत आणि काट्यावरच्या वजनासोबत जोडली तरच तिला अर्थ. नुसत्या शाईवरून गिऱ्हाईकाला थांबवणारा स्कॅनर एका दिवसात बंद करून ठेवला जातो.

कॉन्ट्रास्ट मोजताना एक चूक सापडली: डावी-उजवी माळ बदलत असल्याने आयआर आणि लाल फ्रेमच्या प्रकाशाची बाजू जुळत नव्हती, चकाकी असलेल्या फ्रेमवरून आकडे फुगत होते. आता पूर्ण भरलेले पिक्सेल वगळून मोजतो.

२३ फेब्रुवारी

८५० की ९४०? ८५० चा एलईडी जवळून पाहिला तर विस्तवासारखा मंद लाल दिसतो, ९४० चा अजिबात नाही. खिडकीतून थेट ऊन येत असेल तिथे ९४० चा फायदा आणखी आहे. हवेतली वाफ सूर्यप्रकाशाचा तो पट्टा बराच खाते. पण सेन्सरची संवेदनशीलता ९४० ला ८५० च्या जवळपास निम्मी किंवा त्याहून कमी, आणि फोटॉन ५० मायक्रॉनांहून खोल जातात, म्हणजे बाह्यरेषा आणखी मऊ. मास्कसाठी मऊ रेषा चालेल, पण शाईच्या तपासणीला चालणार नाही. ८५० ठेवला. पाटीवर दोन्हींचे पाय एकसारखेच बसतात, म्हणून उन्हातल्या काउंटरसाठी फक्त एलईडी बदलता येईल.

उन्हासाठी दर ३२ व्या फ्रेमला दिवे बंद ठेवून १०० मायक्रोसेकंदांचीच एक फ्रेम घेतो. ती जवळपास काळी असेल तर काही नाही. उजळ असेल तर तेवढं आयआरमधून वजा. डोळ्यांसाठीचा लाल पल्स त्या फ्रेमच्या आधीही चालूच.

२ मार्च

शांत अवस्था. काउंटर रिकामा असताना लाल पूर्ण बंद, आयआरच्या सेकंदाला फक्त दहा फ्रेम. मास्कमध्ये बदल दिसला की लाल सुरू. पहिल्या प्रयत्नात जागं व्हायला १०० मिलिसेकंदांपर्यंत जात होते आणि झटकन सरकवलेली पहिली वस्तू सुटत होती. दहाऐवजी पन्नास फ्रेम केल्या; उशीर २० मिलिसेकंदांच्या आत आला. आयआर डोळ्यांना दिसत नसल्याने तिथे फ्रेम वाढवून कुणाचं काही बिघडत नाही. मूळ मागणीतला अर्धा भाग, रिकाम्या वेळी लुकलुक नको, तो इथे पदरात पडला.

९ मार्च

काचेवर चिकट डाग पडले की आयआरमध्ये ते वस्तूसारखे उजळ दिसतात आणि युनिट झोपतच नाही. सतत दोन मिनिटं जागेवरून न हललेला भाग पार्श्वभूमीत टाकायचा. आणि असा भाग क्षेत्राच्या पाच टक्क्यांवर गेला की ‘काच पुसा’ हा संदेश.

बाकी: रंगीत कॅमेऱ्याच्या पांढऱ्या पल्सला मोकळ्या १.७ मिलिसेकंदांत जागा करायची आहे, लालाच्या आधी, आयआरच्या नाही. मोनोस्टेबलचे १० नॅनोफॅरड साध्या सिरॅमिकचे आहेत, गरम झाल्यावर मर्यादा घसरते. सी०जी प्रकारचे (तापमानाने जवळपास न बदलणारे) मागवले.